उंचीचा घन: प्रबलित मातीच्या उताराचा खर्च कसा ठरतो

महामार्गाच्या बातमीत 'किलोमीटरला इतके कोटी' असा आकडा छापून आला की चौकात हमखास एक प्रश्न ऐकू येतो: भराव म्हणजे मातीच ना, मग मातीला एवढे पैसे कशाला? त्यातून त्या भरावात प्लास्टिकची जाळी अंथरलेली कोणी पाहिली असेल, तर संशय आणखी बळावतो. प्रश्न रास्त आहे, मात्र त्यामागे 'माती फुकट असते' हा समज आहे आणि तो साफ चुकीचा आहे. भरावाचा मुरूम ब्रासच्या (सुमारे २.८३ घनमीटरच्या मापाच्या) भावाने येतो, त्यावर गौण खनिजाची रॉयल्टी असते, खाणीपासून कामापर्यंतचे अंतर, म्हणजे कंत्राटदारांच्या भाषेतली 'लीड', प्रत्येक किलोमीटरला दर वाढवते, आणि शिवाय पसरणे, पाणी मारणे व रोलरने दाबणे यांचा खर्च वेगळा असतो.

दहा मीटर उंचीचा एक भराव घेऊ. साधी माती दाबून केलेला उतार टिकायचा असेल, तर तो सहसा एक मीटर उंचीला दोन मीटर आडवा ठेवतात. म्हणजे रस्त्याच्या कडेपासून पायथ्यापर्यंत २० मीटर जागा जाते आणि एका बाजूच्या त्रिकोणात रस्त्याच्या दर मीटर लांबीला १०० घनमीटर माती बसते. हाच उतार दोन मीटर उंचीला एक मीटर आडवा, म्हणजे सुमारे ६३ अंशांचा उभा केला, तर जागा ५ मीटर आणि माती २५ घनमीटर एवढीच लागते. एका किलोमीटरमागे एका बाजूला दीड हेक्टर जमीन आणि ७५,००० घनमीटर, म्हणजे साधारण २६,५०० ब्रास माती वाचते. एका हायवात, म्हणजे मोठ्या डंपरात, पाच ब्रास धरले, तरी ही ५,३०० खेपांची बचत झाली. जमिनीचा मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार ग्रामीण भागात, गुणक आणि दिलासा रक्कम धरून, बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो, हेही लक्षात घ्यावे.

पण ६३ अंशांवर नुसती माती उभी राहत नाही. कणांमधल्या घर्षणामुळे माती दाब चांगला सोसते, ताण मात्र जवळजवळ सोसतच नाही, त्यामुळे वरच्या वजनाखाली ती बाजूला पसरू पाहते. या पसरण्याच्या आड थराथरांत आडव्या जाळ्या घातल्या की सरकणारी माती जाळीला ओढते, जाळी ताणली जाते आणि त्या ताणाने मातीला जागच्या जागी धरून ठेवते. काँक्रीटमध्ये सळई जे काम करते, तेच इथे जाळी करते, म्हणून या मातीला 'प्रबलित माती' म्हणायचे. कल्पना जुनीच आहे. भिंतीच्या चिखलात भाताचा पेंढा कालवणाऱ्यांना ती हाताने ठाऊक होती. तिला गणिताची आणि धातूच्या पट्ट्यांची जोड देऊन आधुनिक रूप दिले ते आंरी व्हिदाल या फ्रेंच अभियंत्याने, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. उड्डाणपुलाच्या दोन्ही टोकांना काँक्रीटच्या फरशा लावलेला जो उभा भराव दिसतो, तोही याच कुळातला. पृष्ठभागाचा आडव्या जमिनीशी कोन ७० अंशांपेक्षा कमी असेल तर त्याला भिंत न म्हणता उतार म्हणतात. मग फरशांऐवजी गवत चालते, आणि खर्चातला मोठा वाटा तिथेच वाचतो.

आता खरी गंमत. जाळी किती लागेल? एकूण ताण मातीच्या वजनावर आणि खोलीवर अवलंबून असतो. वरून खाली जाताना आडवा रेटा सरळ रेषेत वाढतो, म्हणून त्याची बेरीज उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात येते. मातीचे वजन घनमीटरला २० किलोन्यूटन (सुमारे दोन टन) आणि रेट्याचा गुणांक, म्हणजे वरच्या वजनाचा आडव्या रेट्यात उतरणारा वाटा, ०.२ मानला, तर ५ मीटर उंचीला दर मीटर लांबीमागे ५० किलोन्यूटन, १० मीटरला २०० आणि २० मीटरला ८०० किलोन्यूटन ताण जाळ्यांनी मिळून पेलावा लागतो. एवढ्यावर भागत नाही. उतारालगतची माती सुटते ती पाचरीच्या आकारात; जाळी या घसरणाऱ्या पाचरीच्या पलीकडे, स्थिर मातीत रुतलेली असावी लागते, आणि उंची वाढली की पाचरही मागे सरकते. म्हणून जाळीची भरावात आत शिरणारी लांबीही उंचीच्या प्रमाणात, ढोबळ हिशेबात उंचीच्या ०.७ पट, ठेवावी लागते. ताकद उंचीच्या वर्गात आणि लांबी उंचीच्या पटीत वाढते, तेव्हा त्यांचा गुणाकार उंचीच्या घनात वाढणारच. जाळीची किंमत साधारणपणे तिच्या ताकदीबरोबर चढते, म्हणून उंची दुप्पट झाली की जाळीचा खर्च सुमारे आठपट होतो. वाचलेली जमीन मात्र दुप्पट आणि वाचलेली माती चौपटच होते. अगदी बुटक्या भरावात हा नियम मोडतो, कारण थरांमधले अंतर फार वाढवता येत नाही आणि काही किमान जाळी घालावीच लागते.

अंदाजपत्रकातली चूक इथेच शिरते. प्राथमिक टप्प्यात उताराच्या पृष्ठभागाचा चौरस मीटरला एक दर धरून सरासरी उंचीने गुणण्याची सोय सर्वांना आवडते. समजा, निम्म्या लांबीत भराव ४ मीटर आणि निम्म्या लांबीत १२ मीटर आहे. सरासरी ८, आणि ८ चा घन ५१२. पण ४ चा घन ६४ व १२ चा घन १,७२८, यांची सरासरी ८९६ येते. म्हणजे सरासरी उंची धरणारा हिशेबनीस मातीच्या त्रिकोणात (तो उंचीच्या वर्गात वाढतो) २५ टक्के हुकतो, पण जाळीची गरज प्रत्यक्षात त्याच्या आकड्यापेक्षा ७५ टक्के जास्त निघते. म्हणून साखळी क्रमांकानुसार, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरानुसार, तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा हिशेब स्वतंत्रपणे करण्याला पर्याय नाही. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या मार्गदर्शिकेत अशा उताराच्या खर्चाची ठोकळ विभागणी दिलेली आहे: जाळी ४५ ते ६५ टक्के, भराव ३० ते ४५ टक्के आणि पृष्ठभाग ५ ते १० टक्के. उंच कामांत पारडे जाळीकडे का झुकते, हे घनाच्या हिशेबावरून कळते.

दुसरी मेख जाळीच्या ताकदीतच आहे. माहितीपत्रकावर छापलेली ताकद प्रयोगशाळेत काही मिनिटांत जाळी तोडून मोजलेली असते. सततच्या ताणाखाली प्लास्टिक वर्षानुवर्षे लांबत जाते, आणि या गुणधर्माला 'क्रीप' म्हणतात. त्यासाठी चांगल्या पॉलिएस्टर जाळीची ताकद १.६ ने भागली, टोकदार मुरमावर रोलर फिरताना होणाऱ्या इजेसाठी १.२ ने आणि रासायनिक झिजेसाठी १.१५ ने भागली, की १०० किलोन्यूटनचे सुमारे ४५ उरतात. तेव्हा 'परदेशी तंत्रज्ञानाची शंभराची जाळी' अशी जाहिरात वाचून भाव ठरवणे म्हणजे नारळाचे वजन करवंटीसकट धरून खोबऱ्याचे पैसे मोजणे होय.

सह्याद्रीच्या घाटात तुलनाच बदलते. डोंगराची बाजू भरावाच्या साध्या उताराहून जास्त उभी असेल, तर त्या भरावाला पायथाच सापडत नाही, भरावाच्या उताराची आणि डोंगराची रेषा एकमेकींना कधी भेटतच नाहीत. तिथे प्रबलित उताराची स्पर्धा साध्या मातीशी नसते, भिंतीशी किंवा दरीवरच्या पुलाशी असते. सिक्कीममधल्या पाक्योंग येथे २०१८ साली सुरू झालेला विमानतळ डोंगरउतारावर बसवताना ७० मीटरच्या घरातली प्रबलित माती उभारली, ती अशाच भूगोलामुळे.

पाण्याचा निचरा ही यातली तुलनेने स्वस्त बाब आहे. भरावाच्या मागचा खडीचा निचरा-थर हा जवळजवळ उंचीच्या सरळ पटीत वाढतो, वर्गात किंवा घनात नाही. मात्र वरचा सारा हिशेब माती निथळलेली आहे, असे मानूनच केलेला आहे. मातीत पाणी साठले की कणांमधला दाब, आणि त्याबरोबर घर्षण, कमी होते आणि रेटा वाढतो. कोकणात एखादा भराव पहिल्याच पावसात खचला की जागेच्या राखणदाराचा मान राहून गेल्याची चर्चा होते. नारळ द्यायला कोणाची हरकत नाही, पण खचलेल्या ठिकाणी आधी निचऱ्याच्या पाइपाचे तोंड शोधावे. पुष्कळदा ते चिखलाने बुजलेले असते, किंवा काटकसर करताना अंदाजपत्रकात पहिली लाल रेघ त्याच्याच ओळीवर ओढलेली असते.