कॉकपिटमधील दूषित हवा व वैमानिकांची अक्षमता

इंजिनातील तेल, हायड्रॉलिक द्रव, बर्फरोधक द्रव किंवा तापलेली वीजयंत्रणा यांपासून निघणाऱ्या वाफा प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये शिरून वैमानिकाची दृष्टी, तोल अथवा निर्णयशक्ती उड्डाणादरम्यान मंदावण्याची घटना. धूर दिसतोच असे नाही. पुष्कळदा ओल्या, घामट मोज्यांसारखा वास तेवढा येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो.

बहुतेक जेट विमानांत श्वसनासाठीची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातून, इंधन जळण्याच्या टप्प्याच्या अलीकडून काढून घेतात. तिला ‘ब्लीड एअर’ म्हणतात. ती थंड करून आत सोडली जाते, पण सहसा गाळली जात नाही. केबिनमध्ये पुन्हा फिरवल्या जाणाऱ्या हवेसाठी असलेली हेपा गाळणी कण अडवते, वायू व वाफा अडवत नाही. इंजिनाच्या फिरत्या दंडाभोवतीची (शाफ्टभोवतीची) सीलबंदी हवेच्या दाबानेच तेल रोखून धरते. त्यामुळे जोर कमी-जास्त करताना, उदाहरणार्थ विमान खाली उतरू लागताना, तेलाचा अंश निसटू शकतो. सील बिघडले तरच गळती होते असे काहींचे मत असले, तरी अल्प गळती या रचनेतच अंगभूत आहे, हे मत यंत्ररचना पाहता अधिक पटणारे आहे. बोइंग ७०७ व डीसी-८ या आरंभीच्या विमानांत केबिनच्या हवेसाठी वेगळे कॉम्प्रेसर होते. २०११ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७ मध्ये विजेवर चालणारे स्वतंत्र कॉम्प्रेसर आहेत.

विषारीपणाचा वाद मुख्यतः ट्रायक्रेसिल फॉस्फेटभोवती फिरतो. झीज रोखण्यासाठी ते तेलात सुमारे ३ टक्के मिसळतात. त्याच्या ‘ऑर्थो’ या रासायनिक रूपाने भेसळ झालेल्या आल्याच्या अर्कामुळे १९३० च्या सुमारास अमेरिकेत हजारो लोकांचे पाय लुळे पडले. मात्र आधुनिक तेलांत हे रूप अत्यल्प असते, आणि त्याची मज्जाविकृती काही दिवसांनी प्रकट होते. काही मिनिटांत येणाऱ्या भोवळीचा उलगडा त्याने होत नाही. तात्काळ लक्षणांसाठी तापलेल्या तेलाच्या विघटनातून होणारे कार्बन मोनॉक्साइड, अल्डिहाइडे व इतर क्षोभक द्रव्ये यांच्या मिश्रणाकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. काही अभ्यासक भीतीमुळे होणाऱ्या अतिश्वसनाकडेही बोट दाखवतात. अशा वाफांशी जोडल्या जाणाऱ्या दीर्घकालीन विकारांसाठी विंडर व बालुए या संशोधकांनी १९९९ च्या सुमारास रूढ केलेली ‘एरोटॉक्सिक सिंड्रोम’ ही संज्ञा आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात समाविष्ट नाही.

१२ नोव्हेंबर १९९९ रोजी स्वीडनमध्ये स्टॉकहोमहून माल्मोकडे जाणाऱ्या बीएई १४६ विमानात उतरतेवेळी दोन्ही वैमानिकांना मळमळू लागले. कॅप्टनला भोवळ येऊन उंचीचा अंदाज घेणे कठीण झाले. प्राणवायूचा मास्क लावल्यावर सहवैमानिक सावरला आणि विमान सुखरूप उतरले. या प्रकारच्या विमानांतील तक्रारींची ऑस्ट्रेलियाच्या सिनेटनेही चौकशी केली. १९ डिसेंबर २०१० रोजी कोलोन येथे उतरणाऱ्या एअरबस ए३१९ मध्येही तीव्र वासानंतर दोन्ही वैमानिकांना मास्क लावावे लागले.

ब्रिटनमधील क्रॅनफील्ड विद्यापीठाच्या २०११ च्या अहवालात १०० उड्डाणांतील मोजमापे प्रचलित आरोग्यमर्यादांच्या आत आढळली. तथापि, त्या उड्डाणांत औपचारिक नोंद करावी अशी वाफांची एकही घटना घडली नव्हती, ही बाब उद्धृत करताना अनेकदा सुटते. शिवाय बहुतेक विमानांत ब्लीड एअरमधील तेलाची वाफ टिपणारे उपकरण नसते. वैमानिकाचे नाक हेच मोजमापाचे साधन, आणि नाक सततच्या वासाला लवकर सरावते.

संशय येताच मास्क लावून शंभर टक्के प्राणवायू दाबाने घेणे, हा पहिला उपाय होय. वैमानिकाचा मास्क एका हाताने ५ सेकंदांत चढवता येईल असा असतो. प्रवाशांच्या मास्कमध्ये मात्र केबिनचीच हवा मिसळत असल्याने वाफांविरुद्ध त्याचा उपयोग नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ मध्ये प्रशिक्षण व नोंदींविषयी मार्गदर्शक परिपत्रक काढले. रक्ततपासणीत एक अडचण कायम राहते: साध्या हवेत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सुमारे तास-दीड तास. वैमानिकाला वाचवणारा मास्कच अशा रीतीने त्याच्या रक्तातील पुरावा पुसत असतो, म्हणून नमुना उतरल्याबरोबर घेणे आवश्यक असते.