गळाची मासेमारी, कृष्णाकाठची

गळाची मासेमारी : काठावर बसून किंवा उभे राहून आकडा, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि आमिष यांनी एकेक मासा धरण्याची पद्धत. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. इथला गळ पडतो तो कृष्णा, कोयना, वारणा, वेण्णा, येरळा या नद्यांत, त्यांच्यावरच्या बंधाऱ्यांच्या फुगवट्यात आणि गावतळ्यांत. जाळ्याने मासे धरणे हा भोई समाजाचा पिढीजात धंदा आहे. गळाला मात्र जात, धंदा, वय काही लागत नाही. रविवारी सांगलीवाडीच्या बाजूला किंवा संगम माहुलीला चक्कर मारली तर शाळकरी पोरांपासून निवृत्त मास्तरांपर्यंत सगळे एका ओळीत बसलेले दिसतात.

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाईवरून खाली येते. माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला प्रीतिसंगमावर कोयना समोरासमोर येऊन भिडते, ब्रह्मनाळला येरळा आणि हरिपूरला वारणा मिळते. वाई-साताऱ्याकडे पात्र खडकाळ, धार चंचल आणि पाणी तुलनेने निवळ असते. कराडच्या खाली नदी रुंद आणि मंद होते, काठ मातीचे व उंच होतात. बंधाऱ्यांत पाणी अडवले की मैलोन्‌मैल जवळजवळ संथ तळेच तयार होते. गळ टाकायला शिकणाऱ्याने या संथ पाण्यापासूनच सुरुवात करावी. धारेत पहिल्याच दिवशी उतरणाऱ्याचे निम्मे आकडे दगडात जातात आणि उत्साहही तिथेच अडकतो.

साहित्य फार लागत नाही. दहा-बारा फुटांचा सरळ, वाळलेला बांबू, तेवढ्याच लांबीचा तंगूस, एक लहान आकडा, शिशाचा बारीक मणी आणि पाण्यावर तरंगणारा बोया एवढ्यावर महिनोन्‌महिने शिकता येते. बोयासाठी जोंधळ्याच्या वाळक्या ताटातला भेंड किंवा जुन्या चपलेचा तुकडा चालतो. दुकानात आकडा मागताना एक गोष्ट माहीत हवी : नंबर जसा वाढतो तसा आकडा लहान होत जातो. आठ-दहा नंबरचा आकडा चिलापीसारख्या (तिलापिया) माशाला योग्य. नवखे हौसेने मोठा आकडा घेतात आणि मासे आमिष कुरतडून जातात. तंगुसाला आकडा बांधताना गाठ थुंकीने ओली करून मगच हळूहळू आवळावी. कोरडी गाठ झटक्यात ओढली तर घर्षणाने नायलॉन तापतो, त्या जागी कमजोर होतो आणि नेमका मोठा मासा लागला की तिथेच तुटतो. आकड्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. मासा लहान निघाला तर तोंड न फाडता सोडता येतो आणि आपल्या बोटात रुतलेला आकडाही सहज निघतो. रिळाची काठी पुढे घ्यावी. बोया वाचता येण्याआधी घेतलेले रीळ फक्त गुंता वाढवते.

गळाचे खरे शिक्षण माशाच्या तोंडाकडे बघून होते. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वर वळलेले असते. तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात असतो. मृगळ तळाशी गाळ हुंगत फिरतो, त्याचे तोंड खाली झुकलेले असते. हे तिन्ही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांचे बीज जलाशयांत सोडले जाते म्हणून ते आता इथले झाले आहेत. तेव्हा बोया वर-खाली सरकवून आमिष कोणत्या थरात ठेवायचे हे ठरवले की कोणता मासा येणार हे निम्मे ठरते. मृगळासाठी तळाची खोली आधी मोजावी : आकड्याला जड शिसे लावून सोडायचे आणि बोया पाण्यावर ताठ उभा राहीपर्यंत सरकवायचा. आमिषाला कणीक, कोंडा, शेंगपेंड आणि चिमूटभर गूळ मळून घट्ट गोळी करतात. गोळी पाण्यात पाच मिनिटे टिकली पाहिजे आणि दहा मिनिटांत विरघळायला लागली पाहिजे. शिंगाडा, मरळ आणि वाम हे मांसाहारी. त्यांना गांडूळ, झिंगा किंवा कोंबडीचे आतडे लागते. गांडुळे उकिरड्याखाली किंवा उसाच्या कुजलेल्या पाचटाखाली मुबलक मिळतात.

मासा लागतो तसे बोया बोलतो. चिलापी टुकटुक करत बोया थरथरवते. मृगळ आमिष उचलतो तेव्हा बोया आधी आडवा पडतो, मग सावकाश सरकतो; त्या सरकण्याची वाट बघण्यात नवख्याचा धीर संपतो आणि तो झटका लवकर देतो. वाम आमिष घेऊन सरळ कपारीत शिरते आणि अंग अडकवून बसते. शिंगाड्याच्या पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांना दातेरी काटे असतात, ते लागले की हात ठणकतो. जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवली की ठणका उतरतो, कारण ते विष उष्णतेने निकामी होते. चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली. मादी अंडी तोंडात उबवते, त्यामुळे तिची पैदास भराभर होते आणि देशी माशांची जागा ती घेत जाते. शिकणाऱ्याने चिलापी हवी तेवढी धरावी.

मरळीबद्दल मात्र वेगळे सांगावे लागते. हा मासा हवेतला श्वास घेतो आणि पावसाळ्यात काठच्या गवतात घर करतो. पिल्ले बाहेर पडली की लालसर ठिपक्यांचा एक घोळका पाण्याच्या पृष्ठभागावर सरकताना दिसतो, क्षणाक्षणाला बुडतो, पुन्हा वर येतो. त्याच्या खाली हातभर अंतरावर पालक मासा राखण करत असतो आणि घोळक्याजवळ पडलेल्या कशावरही तुटून पडतो. त्याला गळाला लावणे अगदी सोपे आहे. तो गेला की सगळी पिल्ले इतर माशांच्या पोटात जातात. लाल घोळका दिसला तर काठी उचलून दुसरीकडे जावे. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर येणाऱ्या चढणीच्या माशांचेही तसेच. गाभोळीने (अंड्यांनी) भरलेला मासा चवीला कितीही चांगला असला तरी त्या एका आठवड्यात ओढा उपसून काढणाऱ्या गावांत पुढची वर्षे ओढा रिकामाच राहतो.

हंगाम पाहता आषाढ-श्रावणात नदी गढूळ आणि भरलेली असते, तेव्हा गळ ठेवून द्यावा. सप्टेंबरअखेर पाणी निवळायला लागते आणि दिवाळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. थंडीत मासा सुस्त असतो, दुपारी उन्हाने पाणी जरा तापले की खातो. उन्हाळ्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला, खोल डोहांत. उन्हाळ्यात एक वाईट चिन्हही दिसते : मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले की पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे. मळीमिश्रित पाणी किंवा सांडपाणी नदीत आले की हे घडते. मार्च २०२३ मध्ये सांगलीलगतच्या अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता. अशा पाण्यातला मासा खाऊ नये, आणि तो दिसताच कळवावे. रोज काठावर बसणारा माणूसच ते सगळ्यांत आधी पाहतो.

कराडच्या खालपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात त्यांचे दर्शन नेहमीचे आहे आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. म्हणून काठाला उकिडवे बसू नये. पाण्यापासून चार-पाच पावले मागे, जरा उंचावर बसावे. रोज एकाच जागी बसू नये. मासा काठावर साफ करून आतडी पाण्यात टाकू नयेत, धरलेले मासे पिशवीत भरून पाण्यात लोंबकळत ठेवू नयेत आणि अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नये; आकडा दोन रुपयांचा असतो. चिखलावर पोट घासत गेल्याचा रुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे दिसले तर ती जागा मगरीची. हिवाळ्याच्या सकाळी त्या उन्हाला बाहेर येतात. मार्च-एप्रिलमध्ये वाळूत घातलेल्या अंड्यांची मादी राखण करते, तेव्हा वाळूच्या उतारांकडे फिरकू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात मगर आहे. तिला दगड मारणे हाही गुन्हा ठरू शकतो.

दुसरा धोका धरणाच्या पाण्याचा. पावसाळ्यात १०५ टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) कोयना धरण भरत आले की विसर्ग वाढवला जातो आणि खाली पाऊस नसतानाही पातळी चढते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका पातळी मानली जाते. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. काठावर एक काडी पाण्याच्या रेषेला रोवून ठेवावी. ती बुडाली की गाशा गुंडाळावा.

सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे भारतीय मत्स्य कायदा, १८९७ पासून गुन्हा आहे. धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यामुळे तिथे गळ टाकण्याआधी संस्थेला विचारावे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचा बराच भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो; तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये.

नदीवर हात बसलेली मंडळी कुंभार्ली घाट उतरून गुहागरला किंवा आंबा घाटातून गणपतीपुळ्याला जातात. तिथे बोया निरुपयोगी ठरतो. लाटांत आमिष जागेवर राहावे म्हणून शंभर ग्रॅमच्या आसपासचे वजन, ते फेकायला बारा-तेरा फुटांची काठी आणि मोठे रीळ लागते. चावा हाताला काठीच्या टोकातून कळतो. वाळूत लाटा फुटतात त्या दोन ओळींच्या मधला काळपट पट्टा म्हणजे खोल चर, तिथे मुडदुशी आणि शिंगाळा हे मासे चरतात. आमिष कोळंबीचे. भरती चढत असतानाचे दोन तास सर्वांत चांगले. उधाणाच्या दिवसांत ओढ जोरकस असते, म्हणून नवख्याने भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस निवडावेत आणि गुडघ्यापलीकडे पाण्यात जाऊ नये. जून-जुलैत कोकणातल्या यांत्रिक नौकांना बंदी असते आणि त्या महिन्यांत समुद्र काठावरच्या माणसासाठीही धोक्याचा असतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ही घाटावरून जाणाऱ्यांची वेळ.