वॅक्सच्या डब्याची मागची बाजू

बेळगावच्या खडेबाजारात वॅक्स मागायला गेलात की काउंटरवर पाच-सहा डबे येऊन बसतात. हनी, चॉकलेट, ॲलोवेरा, ग्रीन ॲपल आणि एखादं ‘सेन्सिटिव्ह स्किन’वालं. किंमत डब्यागणिक चढत जाते आणि निवड बहुतेक वेळा वासावर होते. पण चॉकलेट किंवा कोरफड त्यात असते ती वासापुरती, रंगापुरती. केस धरून ओढण्याचं काम ती करत नाही. ते काम करणारे पदार्थ मुख्यतः तीन जातींचे असतात: साखरेचा पाक, पाइनसारख्या झाडांची राळ आणि कृत्रिम पॉलिमर (प्लास्टिकच्या जातीचे पदार्थ). आपल्या कातडीला काय सोसेल हे या तिघांपैकी आत काय आहे त्यावर ठरतं, आणि ते डब्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

सुक्रोज, ग्लुकोज सिरप, सिट्रिक ॲसिड, मध अशी नावं वर असतील तर ते पाकाचं वॅक्स. ग्लिसरिल रोझिनेट, कोलोफोनी किंवा नुसतं रोझिन दिसलं तर राळेचं. सोबत सेरा अल्बा असेल तर ते मधमाशीचं मेण. कटोरी वॅक्स किंवा बीन्स वॅक्स म्हणून मिळतं त्यात राळ आणि मेण बहुधा जोडीनं असतात. ‘पॉली’ने सुरू होणारी लांबलचक नावं पहिल्या दोन-तीन घटकांत आली तर ते पॉलिमरचं. यादीत जे आधी ते जास्त, असा साधारण हिशेब ठेवावा. कोको किंवा कोरफडीचा अर्क कितव्या जागी आहे हे एकदा पाहिलं की जास्तीचे पैसे कशाचे चाललेत ते कळतं.

वॅक्स धरतं कसं, हे आधी पाहू. गरम असताना ते पातळ असतं, केसाभोवती आणि केसाच्या मुळाशी थोडं खाली शिरतं. निवलं की घट्ट होतं. पण पूर्ण घन होत नाही, आणि मेख इथेच आहे. असा पदार्थ सावकाश ओढला तर वाहतो, झटक्यात ओढला तर घनासारखा वागतो. पट्टी हळूहळू सोलली की वॅक्स मधल्यामध्ये फाटतं, अर्धं पट्टीवर आणि अर्धं कातडीवर राहतं. केस निम्म्यातून तुटतात. ‘वॅक्स खराब निघालं’ अशी तक्रार होते त्यातल्या बऱ्याच वेळा वॅक्स ठीक असतं, हात भितो. एका हाताने कातडी ताणून धरायची, पट्टी केसांच्या उलट दिशेने आणि अंगाला समांतर, एका दमात ओढायची. वर, छताच्या दिशेने ओढली की कातडी सोबत उचलली जाते आणि निळं पडतं.

ओढताना केसांबरोबर कातडीचा सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा थरही थोडा निघतो. हा थर हातापायांवर साधारण १० ते २० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरचा पन्नासावा भाग. वॅक्सनंतर हात उजळ दिसतात ते याच्यामुळे. ‘टॅन काढणारं वॅक्स’ हा दावा एवढ्यावरच उभा आहे. रंगद्रव्य त्याखाली तयार होतच असतं, काही आठवड्यांत रंग पूर्वीसारखा होतो.

आता त्वचेचं. कोरड्या कातडीवर मेलेल्या पेशी सैल सुटलेल्या असतात आणि वॅक्स केसाआधी त्यांनाच चिकटतं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची हवा कोरडी असते, अंगावर पांढरे ओरखडे उठतात, त्या दिवसांत नेहमीचं वॅक्सही झोंबतं. उपाय वॅक्स बदलण्याआधीचा आहे: चार-पाच दिवस रोज रात्री मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावायचं, आणि वॅक्सच्या दिवशी मात्र काहीच नाही. अशा त्वचेला तेलात विरघळणारं राळेचं वॅक्स बरं पडतं, कारण त्याखाली वॅक्सच्या दिवशीही तेलाचा अगदी पातळ हात चालतो. तेलाचा थर कातडीवरची पकड कमी करतो, केसावरची फारशी नाही. पार्लरमध्ये महागडं म्हणून जे ‘लिपोसोल्युबल’ वॅक्स लावतात ते हेच. उन्हाळ्यात घामेजलेल्या किंवा तेलकट कातडीचं उलटं. पाकाचं वॅक्स पाण्याच्या जातीचं, ते तेलावर धरतच नाही. तिथे साबणाने धुऊन, पूर्ण कोरडं करून, चिमूटभर टाल्कम पावडर फिरवायची आणि जास्तीची झटकून टाकायची. पावडरचा पांढरा थर दिसत असेल तर वॅक्स केसाला न चिकटता पावडरीला चिकटेल.

संवेदनशील त्वचा हा शब्द फार सैल वापरला जातो, त्याचे दोन भाग करायला हवेत. एक, कातडी नुसती हुळहुळी आहे, लाल होते आणि तासा-दोन तासांत बसते. अशांना जाड थराचं, पट्टीविना निघणारं हार्ड वॅक्स मानवतं. २-३ मिलिमीटर जाडीचा थर लावला की ते आकसून केसाला आवळतं आणि कातडीला तुलनेनं कमी धरतं. काखेत, ओठांवर, हनुवटीला ते योग्य. काखेत केस दोन-तीन दिशांना वाढतात म्हणून तिथे एकच मोठा थर न लावता लहान लहान तुकडे करावेत. गुलाबी किंवा दुधी रंगाच्या वॅक्समध्ये टायटॅनियम डायऑक्साइड घातलेलं असतं. त्याने थर मऊ होतो आणि कातडीवरची चिकट थोडी कमी होते. त्या रंगाचा उपयोग खरोखर आहे.

दुसरा भाग ॲलर्जीचा, आणि तो वेगळाच. राळ ही संपर्काने ॲलर्जी आणणाऱ्या नेहमीच्या पदार्थांपैकी एक. चिकटपट्टीने, बँडेजच्या प्लास्टरने ज्यांना खाज सुटते त्यांनी राळेच्या वॅक्सला हात लावण्याआधी थांबावं. अशांनी पाकाचं, किंवा यादीत राळेचं नाव नसलेलं पॉलिमरचं घ्यावं. इथे ‘महाग म्हणजे सौम्य’ हा हिशेब सपशेल चुकतो: महागड्या डब्यात राळ आणि सुगंध दोन्ही असू शकतात, घरच्या पाकात दोन्ही नसतात. चाचणी सोपी आहे. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी वॅक्स करून बघायचं. ॲलर्जीची खाज लगेच येतेच असं नाही, ४८ ते ७२ तासांनीही येते. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी नवीन वॅक्स नको. हळदीच्या आदल्या दिवशी तर वॅक्सच नको. नुकत्याच वॅक्स केलेल्या अंगावर हळद, बेसन, लिंबू चोळलं तर आग होते आणि केसांच्या मोकळ्या झालेल्या छिद्रांभोवती पुरळ उठतं. हळद आणि वॅक्समध्ये निदान तीन दिवस सोडा.

घरी करायचं तर पाकाचंच करावं, कारण सांडलं, चिकटलं तरी कोमट पाण्याने निघतं. ४०० ग्रॅम साखर, ६० मिलिलिटर लिंबाचा रस, ६० मिलिलिटर पाणी, जाड बुडाचं पातेलं आणि मंद आच. लिंबातलं आम्ल साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असं विभाजन करतं. या मिश्रणाचे खडे बनत नाहीत, म्हणून पाक चकाकता आणि ताणता येण्याजोगा राहतो. लिंबू कमी पडलं की दुसऱ्या दिवशी डब्यात दाणेदार साखर सापडते. किती आटवायचं यात बेळगावकरांची हमखास फसगत होते. कृतींमध्ये ११८ ते १२० अंश सेल्सिअस सांगतात, ते समुद्रसपाटीचं. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, इथे पाणीच साधारण ९७.५ अंशांना उकळतं, आणि पाकही तेवढाच घट्टपणा दोन-अडीच अंश आधी गाठतो. थर्मामीटर असेल तर ११६-११७ ला उतरवा. नसेल तर गार पाण्यात थेंब टाका. लाडवांसाठी पाक करणाऱ्या हातांना गोळीबंद ओळखायला शिकवावं लागत नाही: गोळी उचलता यावी, पण बोटांत दाबली की चपटी व्हावी. कट्‌कन तुटली तर पाक पुढे गेला. दोन चमचे पाणी घालून पुन्हा मंद आचेवर ढवळला की सुधारतो. तारच येत राहिली तर अजून आटवा.

जिल्हा साखर कारखान्यांचा आणि गुऱ्हाळांचा, त्यामुळे गुळाचं का नाही हा प्रश्न येणारच. होतं, पण भरवसा नाही. गुळात मळी आणि क्षार असतात, त्याचा रंग मुळातच गडद असल्याने पाक करपायला लागला हे डोळ्यांना कळत नाही, आणि दर ढेपेचा ओलावा वेगळा. गूळ चहात आणि पोळीतच बरा.

पाकाच्या वॅक्सचा दुसरा शत्रू पाऊस. फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जुलैत डबा उघडा राहिला तर वरचा थर सरबरीत होतो आणि पट्टीला लागून निघतच नाही. पावसाळ्यात पाक एखादा अंश जास्त आटवायचा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवायचा, आणि लागेल तेवढंच बाहेर काढायचं. अथणीकडच्या एप्रिलमध्ये उलट, अंगाच्या आणि हवेच्या उष्णतेने वॅक्स पातळ होतं. पंख्याखाली, सकाळी लवकर करणं हाच त्यावरचा इलाज. राळेच्या वॅक्सला दमट हवेचा एवढा त्रास नाही, म्हणून पावसाळ्यात पार्लरवाल्या त्याच्याकडे वळतात त्यात शहाणपण आहे. राळेचं वॅक्स अंगाला राहिलं तर मात्र पाण्याने घासत बसू नका, ते पाण्यात विरघळत नाही. खोबरेल तेलाचा बोळा फिरवला की सुटतं.

उष्णतेकडे फार हलगर्जीपणा होतो. ६० अंशांच्या द्रवाने तीन ते पाच सेकंदांत खोल भाजतं, आणि वॅक्स पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून राहतं. मायक्रोवेव्हमध्ये ते कडेला गार आणि मध्ये कढत असतं. म्हणून हीटर नसेल तर डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ढवळत तापवा आणि दर वेळी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. भाजलंच तर वॅक्स ओरबाडून काढायचं नाही. वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं, वॅक्स निवल्यावर मग सोडवायचं. टूथपेस्ट, हळद, थेट बर्फ यांतलं काहीही नको.

केस तांदळाच्या दाण्याएवढे, म्हणजे ५-६ मिलिमीटर वाढलेले असावेत. त्याहून आखूड केस वॅक्सच्या हाती लागत नाहीत, कातडीच्या पातळीला तुटतात आणि आत वळून फोड करतात. फार लांब असतील तर कातरून घ्या. एकाच जागी दुसऱ्यांदा ओढणं चालतं, तिसऱ्यांदा नाही. उरलेले दोन-चार केस चिमट्याने काढा.

काहींनी वॅक्स मुळीच करू नये, आणि ही यादी पार्लरमध्ये क्वचितच विचारली जाते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या काळात आणि बंद केल्यावर सहा महिने वॅक्स नको. कातडीचा वरचा थर इतका नाजूक होतो की सोलपटच निघतं. मुरुमांवरचं ट्रेटिनॉइन किंवा ॲडापॅलीनचं क्रीम लावत असाल तर त्या जागी आठवडाभर आधी थांबवा. गोरेपणासाठी औषध दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावं दिसली तर ती स्टेरॉइड आहेत. महिनोन्‌महिने लावल्याने चेहऱ्याची कातडी पातळ होते, आणि ओठावरचं वॅक्स ओढताना ती सोबत येते. ‘वॅक्सने चेहरा जळाला’ म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे येणाऱ्यांमध्ये खरा दोष कितीदा तरी त्या ट्यूबचा असतो. मधुमेह काबूत नसेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पायांवर फुगलेल्या शिरा असतील तर डॉक्टरांना विचारून करा. उसाच्या शेतात पाचट काढून हातांवर चरे पडले असतील तर ते भरेपर्यंत थांबा. तिळावरचा केस कात्रीने कापा, ओढू नका.

पार्लरमध्ये एक गोष्ट डोळ्यांनी तपासता येते. अंगावर फिरवलेला वॅक्स लावायचा बोथट चाकू पुन्हा वॅक्सच्या डब्यात बुडतो का? तसं असेल तर एकीच्या कातडीवरचे जंतू पुढच्या सगळ्यांना वाटले जातात. वॅक्स गरम असलं तरी ते जंतू मरण्याइतकं गरम नसतं, तेवढं असतं तर अंगाला लावताच आलं नसतं. दर वेळी नवी लाकडी पट्टी, किंवा आपल्यासाठी वेगळ्या वाटीत काढून घेतलेलं वॅक्स मागावं. धुऊन वाळवलेल्या जीनच्या पट्ट्यांपेक्षा एकदा वापरून टाकायच्या पट्ट्या बऱ्या.

नंतरचे ४८ तास छिद्रं उघडी असतात. गार पाण्याचा ओला कपडा, सैल सुती कपडे, एवढं पुरे. कढत पाण्याने आंघोळ, काखेत डिओडरंट, घट्ट लेगिंग्ज, घाम गाळणारी कामं पुढे ढकला. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत जळजळ झालेल्या जागी नंतर काळे डाग उरतात, आणि ऊन ते गडद करतं, म्हणून उघड्या भागावर दोन दिवसांनंतरही सनस्क्रीन चालू ठेवा. तीन दिवसांनी हलक्या हाताने खरबरीत कपडा फिरवायला सुरुवात केली की आत वळणारे केस कमी होतात. पू असलेले फोड पसरत असतील, ताप असेल तर घरगुती काही न करता डॉक्टर गाठा.

हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली अचानक राठ केस वाढायला लागले आणि सोबत पाळी अनियमित असेल तर कुठलं वॅक्स हा प्रश्न दुसरा. पहिली गरज हार्मोनच्या तपासणीची आणि सोनोग्राफीची असते, कारण बऱ्याचदा मागे पीसीओएस (बीजांडकोशाशी संबंधित हार्मोनचा विकार) निघतं, आणि त्यावर उपचार न करता दर महिन्याला हनुवटी ओढत राहिलं तर केस येतच राहतात, कातडी मात्र काळी पडते.