व्हीपीएन मोबाइल कंपनीला ओळखता येतं का?

‘व्हीपीएन चालू केलं की मोबाइल कंपनीला काहीच दिसत नाही, म्हणून ती ते अडवूच शकत नाही’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

व्हीपीएन म्हणजे तुमचा डेटा सांकेतिक करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय. तिच्यातून जाणारा मजकूर कंपनीला खरोखरच वाचता येत नाही. पण पाकीट बंद असलं तरी पत्ता वरच लिहिलेला असतो. सर्व्हरचा आयपी पत्ता आणि पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) वाचता येत नसतील तर पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, पोचणारच नाही. त्यात ओपनव्हीपीएन या व्हीपीएन पद्धतीचा ठरलेला पोर्ट ११९४. वायरगार्ड ही दुसरी पद्धत बहुतेकदा ५१८२० वापरते आणि पोर्ट बदलला तरी तिचा जोडणीचा पहिला संदेश नेहमी १४८ बाइटचाच असतो. एवढ्या खुणा ओळखायला आणि अडवायला पुरेशा आहेत.

हे स्वतः पाहता येतं. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा, वायरशार्क (ये-जा करणारी पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) वायफायच्या जोडणीवर सुरू करा, मग लॅपटॉपवर व्हीपीएन लावा. जवळपास सगळी पॅकेट एकाच पत्त्याकडे जाताना दिसतील, आत नुसती अगम्य अक्षरं. कंपनीला दिसतं ते जवळपास एवढंच.

मात्र व्हीपीएन जुळलं नाही म्हणजे कंपनीनेच अडवलं, असं लगेच समजू नका. तेच व्हीपीएन घरच्या वायफायवर लावून बघा. तिथेही अडलं, तर दोष बहुधा सर्व्हरचा किंवा सेटिंगचा. फक्त मोबाइल डेटावर अडत असेल, तर अ‍ॅपमध्ये पर्याय असल्यास टीसीपी ४४३ (सुरक्षित वेबसाइट सहसा वापरतात तो मार्ग) निवडा. त्यावर चालू झालं, तर आधीचा पोर्ट किंवा यूडीपी (टीसीपीऐवजी पॅकेट पाठवण्याची दुसरी पद्धत) वाटेत अडत होतं, असा संशय घ्यायला जागा आहे.