पॅकेट नेमकं कुठं ड्रॉप होतं? होस्ट सर्व्हरमधल्या रांगांचा इतिहास

होस्ट सर्व्हरवर (ज्याच्यावर आभासी यंत्रं, म्हणजे व्हीएम, चालतात तो) पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, ड्रॉप होऊ लागले की पहिला संशय केबलवर, नाहीतर स्विचवर जातो. माझ्या मते दोष बऱ्याचदा तिथं नसतोच. पॅकेट होस्टच्या आतल्याच एखाद्या तुडुंब रांगेत गळालेलं असतं. या रांगा कशा वाढत गेल्या ते कळलं की शोध निम्म्यावर येतो.

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला जेमतेम ४०० यार्डांचा दुवा सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. त्यातून संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली उपाय मांडला: पॅकेट हरवलं म्हणजे वाटेत गर्दी आहे असं धरून टीसीपीनं (इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या नियमावलीनं) वेग कमी करायचा. थोडेसेच ड्रॉप आजही अख्खं कनेक्शन मंदावतात ते म्हणूनच.

पुढे नेटवर्क कार्डांचा वेग वाढला. दर पॅकेटमागे इंटरप्ट (हातचं काम थांबवायला लावणारा इशारा) येऊन सीपीयू त्यातच गुरफटायचा. लिनक्सनं त्यावर नॅपी आणलं, म्हणजे इंटरप्ट थांबवून पॅकेट घाऊक उचलायचे.

खरा गुंता व्हर्च्युअलायझेशननं, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक व्हीएम चालवण्यानं, वाढवला. फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम (लिनक्समध्येच व्हीएम चालवायची सोय) लिनक्स २.६.२० मध्ये आलं, पाठोपाठ २००८ मध्ये व्हर्टआयओ (व्हीएमसाठीची आभासी उपकरणं). आता कार्डाच्या रिंगेनंतर (पॅकेट ठेवायच्या गोल रांगेनंतर) ब्रिज (होस्टमधला आभासी स्विच), टॅप इंटरफेसची (व्हीएमला जोडणाऱ्या आभासी पोर्टची) रांग आणि शेवटी गेस्टची, म्हणजे व्हीएमची, रिंग. क्यूईएमयूमध्ये (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) तिला मुळात २५६च जागा. होस्टवर गर्दी असली की गेस्टचा व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) आपल्या पाळीची वाट बघत बसतो, तोवर रिंग कोणी उपसत नाही. मग मागची टॅपची रांगही भरते. नेटवर्क मोकळं, तरी पॅकेट ड्रॉप! गेस्टमध्ये ड्रॉपचा काउंटर शून्य दिसतो, कारण ते पॅकेट त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. होस्टवर त्या व्हीएमच्या व्हीनेट इंटरफेसचा (म्हणजे त्याच टॅपचा) टीएक्स (पाठवताना झालेला) ड्रॉप बघा. होस्टचं पाठवणं तेच गेस्टचं घेणं. इथं बहुतेकजण आरएक्सकडेच (घेतानाच्या ड्रॉपकडेच) बघत राहतात.

काउंटरही जपून वाचावा लागतो. लिनक्स २.६.३७ पासून आरएक्स ड्रॉपमध्ये अनोळखी प्रोटोकॉलच्या फ्रेमही मोजल्या जातात, त्यामुळे निरोगी होस्टवरही आकडा चढतो. कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) सॉफ्टनेट-स्टॅट फाइल जास्त प्रामाणिक: दर सीपीयूला एक ओळ, दुसऱ्या रकान्यात बॅकलॉग (त्या सीपीयूची रांग) भरल्यानं टाकलेले पॅकेट, तेही हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत). एकाच ओळीत आकडा फुगला असेल तर सगळा भार एकाच सीपीयूवर पडतोय.

२०२२ मध्ये लिनक्स ५.१७ पासून कर्नल पॅकेट टाकताना त्याचं कारणही नोंदवू लागलं.