श्वानप्रशिक्षण, बक्षीसपद्धतीचे

पाळीव कुत्र्याने केलेली हवी ती कृती त्याच क्षणी खाऊ, खेळ किंवा शाबासकी देऊन पक्की करायची आणि नको ती कृती मारझोड न करता निष्फळ ठरवायची, या तत्त्वावरील शिकवण. बोलण्यात तिला ‘पॉझिटिव्ह ट्रेनिंग’ किंवा नुसते ‘ट्रीट देऊन शिकवणे’ म्हणतात. मराठी मानसशास्त्रीय लेखनात ‘प्रबलन’ ही संज्ञा आहे. तिच्यामागे लागणारी ‘धन’ आणि ‘ऋण’ ही विशेषणे चांगल्या-वाईटाची नसून बेरीज-वजाबाकीची आहेत, हे पुष्कळदा नजरेआड होते. कुत्रा बसताच पनीरचा तुकडा मिळाला तर ते धन प्रबलन. गळ्यातली साखळी ताणून धरली आणि तो बसल्यावर सैल सोडली तर ते ऋण प्रबलन. म्हणजे ऋण प्रबलन ही शिक्षा नव्हे. पण ते साधायला आधी त्रास द्यावा लागतो, म्हणून या पद्धतीत ते टाळतात.

उगमाबद्दल एकवाक्यता नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (इ. स. ११३० च्या सुमारास) ‘सारमेयविनोद’ हे कुत्र्यांविषयीचे प्रकरण येते, त्यात आजच्या पद्धतीचे मूळ शोधणे मात्र ओढाताणीचे होईल. आधुनिक काळात कॉनराड मोस्ट या जर्मन प्रशिक्षकाची पुस्तिका १९१० मध्ये निघाली. सक्तीच्या पद्धतीचा जनक म्हणून त्याला बोल लावला जातो, तरी अचूक वेळी बक्षीस देण्याचे महत्त्व त्यानेही ओळखले होते. त्याला सरसकट एका गटात बसवणे अभ्यासकांना पटत नाही. प्रयोगशाळेतील परंपरा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकच्या १८९८ मधील मांजरांवरील प्रयोगांपासून धरतात. खाण्याआधीच्या खुणेनेच कुत्र्याला लाळ सुटते हे दाखवणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचे नाव कुत्र्यांमुळे साहजिकच पुढे येते, पण त्याच्या प्रयोगांत कुत्र्याने काही करून दाखवण्याचा प्रश्न नव्हता. इथे थॉर्नडाइक आणि त्याच्यानंतरचा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर हेच अधिक जवळचे.

खरा वाद ‘क्लिकर’चा आहे. टक् असा आवाज करणारी ही चिमुकली डबी ‘आत्ता केलेस ते बरोबर’ एवढेच सांगते; खाऊ मागाहून येतो. स्किनरने १९५१ मधील एका लेखात कुत्र्यासाठी अशा आवाजाचे खेळणे सुचवले. परंतु त्याचे विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलँड हे दांपत्य १९४० च्या दशकातच खुणेचा आवाज वापरून प्राणी शिकवत होते. त्यांच्या व्यवसायाचे स्थापनावर्ष कुठे १९४३, तर कुठे १९४७ असे दिलेले आढळते. डॉल्फिनांना शिट्टीवर शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांचे पुस्तक १९८४ मध्ये आले आणि पुढील दशकात क्लिकर घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत पोचला. कल्पनेचे श्रेय स्किनरला, वापराचे ब्रेलँडांना आणि प्रसाराचे प्रायर यांना, ही वाटणी त्यातल्या त्यात पुराव्याला धरून वाटते.

‘मालकाने कळपाचा म्होरक्या व्हावे’ ही विरोधी धारणा बव्हंशी प्राणिशास्त्रज्ञ रूडोल्फ शेंकेलच्या १९४७ मधील, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांवर उभी आहे. लांडग्यांचा अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) याच्या १९७० च्या ग्रंथाने तिला बळ दिले. १९९९ मध्ये त्यानेच रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, असे मांडून म्होरक्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘अल्फा’ या शब्दाबद्दल सावध केले. पोर्तुगालमधील ९२ कुत्र्यांवरील अभ्यासात (२०२०) वेदना-धाक वापरणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक दिसली.

तंत्र वर्णनाला सोपे, हाताला अवघड. हरभऱ्याच्या दाण्याएवढा पनीरचा तुकडा चिमटीत धरून पिल्लाच्या नाकाजवळून डोक्यामागे सरकवावा. नाक वर जाते, तसे बूड आपोआप टेकते. टेकताच टक्, मग खाऊ. पिल्लू पुन्हा उठल्यावर खाऊ दिला तर ते उठायला शिकते. नवख्यांची फसगत इथेच होते. ‘बस’ हा शब्द कृती जमू लागल्यावर जोडायचा. पुढे दर वेळी खाऊ न देता अधूनमधून दिला तर सवय अधिक टिकते. कांदा, द्राक्षे, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषारी असल्याने सावजी रश्श्यातली बोटी बक्षीस म्हणून बाद. उकडलेले कोंबडीचे मांस चालते.

नागपुरात ‘बस’ या शब्दाचीच अडचण आहे. मराठीत तो आज्ञार्थ. शहरभर कानावर पडणाऱ्या हिंदीत त्याचा अर्थ ‘पुरे’. पाहुणा ताटावर हात आडवा धरून “बस, बस” म्हणतो आणि पिल्लू टेबलाखाली शहाण्यासारखे बसून खाऊची वाट पाहते. दोन-चारदा काही न मिळाल्यावर त्याच्या लेखी शब्दाची किंमत उतरते. त्यामुळे मराठी घरांतही ‘सिट’ वापरणे सोयीचे पडते. त्यात इंग्रजीचा सोस असतोच असे नाही. कोणताही शब्द चालतो, फक्त आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी तोच वापरावा.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा डांबर आणि सिमेंटचे रस्ते पंजे पोळतील इतके तापतात. फुटाळा किंवा सेमिनरी हिल्सकडे न्यायचे तर पहाटे. एरवी पाच-पाच मिनिटांचे धडे घरातच घेतलेले बरे. सेमिनरी हिल्स भागातील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचे आहे आणि २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही शहरातच आहे. एरवी शिकलेला कुत्रा एकाएकी चावरा किंवा हट्टी झाला तर शिकवणीआधी पशुवैद्य गाठावा; दुखणे हे अशा बदलाचे नेहमीचे कारण असते. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार जनावराला मारझोड हा अपराध आहेच, शिवाय सदोदित बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात हयगय करणे हाही.

आवाजाची भीती घालवण्यासाठी मात्र पाव्हलॉव्हचे तत्त्व वापरतात: आधी आवाज, लगेच खाऊ, कुत्र्याने काही केलेले असो वा नसो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. त्या ढोलताशांची तयारी करायची तर ध्वनिमुद्रण काही आठवडे आधीपासून, अगदी हळू आवाजात ऐकवायला लागते. कुत्रा खाऊ घ्यायचा थांबला की आवाज जास्त झाला असे समजून कमी करावा. मिरवणुकीच्या दिवशी मात्र इतवारी-महाल भागातील घरांत धडा नको. आतली खोली, बंद खिडक्या आणि पंख्याचा घरघराट पुरतो.