मंगळ मागं जात नाही, आपण त्याला ओव्हरटेक करतो

परवा फॅमिली ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड आला, शनी वक्री होतोय, नवीन काम काढू नका. लगेच मावशीचा फोन, "काऊन रे, स्लॅबचं काम पुढं ढकलू का?" मी म्हटलं, मावशी, शनी दरवर्षी साधारण साडेचार महिने वक्री असतो, तेवढे दिवस थांबलीस तर घर कधी व्हायचं?

पण वक्री होणं, म्हणजे ग्रह ताऱ्यांमधून उलटा सरकताना दिसणं, आकाशात दिसतं खरंच, डोळ्यांनी. डिसेंबर 2024 पासून मी दर रविवारी गच्चीवर वही घेऊन बसायचो, पुनर्वसूचे दोन तारे काढायचे आणि त्यांच्या हिशोबानं मंगळाचा लाल ठिपका. एरवी ग्रह ताऱ्यांमधून रोज थोडा पूर्वेकडे सरकतो, इथं ठिपके पश्चिमेकडे जायला लागले, जानेवारीत मंगळ पुनर्वसूच्या जास्त तेजस्वी ताऱ्याजवळून गेला, फेब्रुवारीच्या शेवटी थबकला आणि परत पूर्वेकडे निघाला.

आता नागपूर स्टेशनवरून अजनीकडे निघालेली गाडी आठवा. शेजारच्या रुळावर मालगाडी, ती पण तिकडेच चाललेली पण हळू. तिच्या पलीकडे लांब एखादी पाण्याची टाकी. आपण वेग घेतला की मालगाडीचा डबा त्या टाकीच्या हिशोबानं मागं मागं सरकताना दिसतो, आणि डबा तर पुढंच जाऊन राहिला ना! आपली गाडी म्हणजे पृथ्वी, मालगाडी म्हणजे मंगळ, टाकी म्हणजे लांबचे तारे.

सूर्यापासून जितकं लांब तितकी त्याची ओढ कमी, म्हणून वेगही कमी. बुध सेकंदाला सुमारे 47 किलोमीटर पळतो, पृथ्वी 30, मंगळ 24, शनी जेमतेम 10 आणि नेपच्यून साडेपाचच्या आत. मंगळाची फेरी 687 दिवसांची, आपली 365, त्यामुळे दर 780 दिवसांनी आपण त्याला गाठतो. गाठतो तेव्हा सूर्य, पृथ्वी, मंगळ जवळपास एका रेषेत, यालाच प्रतियुती म्हणतात, आणि मंगळ तेव्हा जवळ असतो म्हणून ठळकही दिसतो. जानेवारी 2025 मध्ये तो साधारण 9 कोटी 60 लाख किलोमीटरवर होता.

मग तो कायम मागं जाताना का दिसत नाही? कारण हे रूळ गोल आहेत. प्रतियुतीच्या आसपास दोघांची दिशा सारखी, तिथं आपला जास्तीचा वेग पूर्ण आडवा पडतो. पुढं आपण वळणावर गेलो की आपला वेग बराचसा मंगळापासून दूर जाण्यात खर्च होतो, आडवा भाग कमी होत जातो, आणि नजरेच्या रेषेला आडवा असा दोघांचा वेग जिथं सारखा होतो तिथं मंगळ थबकलेला दिसतो. त्याची कक्षा आपल्या कक्षेला 1.85 अंश तिरपी आहे, म्हणून तो आला त्याच वाटेनं परत जात नाही, वहीत फास किंवा झेडसारखा आकार उमटतो. बुध-शुक्राचं उलट, ते आतल्या रुळावरून आपल्याला ओव्हरटेक करतात.

इतकं साधं भूमितीचं गणित आहे हे, आणि याच्या नावावर लोकांची लग्नं अडवतात याचा मला खरंच राग येतो.

पुढची मंगळाची प्रतियुती 19 फेब्रुवारी 2027 ला, सिंह राशीत, मघा ताऱ्याजवळ. जानेवारीपासूनच वही घ्या, रात्री पूर्वेला लालसर मंगळ शोधा आणि आठवड्याला एक ठिपका, एप्रिल संपेपर्यंत.